मांगा वाचायला कुठून सुरुवात करावी?

निळी_शाई

गेल्या महिन्यात भाचीच्या वाढदिवसाला तिला मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथांचे, तीन खंड दिले. घरातल्या एका काकांनी पुस्तक हातात घेतलं, हे उलटं का उघडतं म्हणून विचारलं, दोन पानं चाळली आणि "ही ती मारामारीची कार्टूनं ना?" म्हणत बाजूला ठेवलं. त्या तिन्ही खंडांत मारामारी औषधालाही नाही. किओहिको आझुमा यांची 'योत्सुबातो!' ही मालिका आहे ती. पाच वर्षांची एक मुलगी बाबांबरोबर नव्या गावात राहायला येते. बागेतला झोका असो की शेजारच्यांचा एसी, सगळ्याकडे ती आजच जग पाहिल्यासारखी बघते. एवढीच गोष्ट. २००३ साली सुरू झाली आणि मला अजून तिचा कंटाळा आलेला नाही.

काकांना मी तेव्हा काही बोलले नाही, पण तेव्हापासून हा धागा डोक्यात घोळतोय.

माझी मांगाशी ओळख पुण्यात जपानी शिकताना झाली. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, घोकून जीव मेटाकुटीला आला होता. वरच्या वर्गातल्या एका ताईने टेलिफोन डिरेक्टरीएवढा जाड अंक हातात ठेवला आणि म्हणाली, "कांजीच्या शेजारी बारीक अक्षरं दिसतात ना, तेवढीच वाच." त्या बारीक अक्षरांना फुरिगाना म्हणतात. मुलांच्या अंकांत कांजीशेजारी तिचा उच्चार सोप्या लिपीत छापलेला असतो, मोठ्यांच्या अंकांत बहुधा नसतो. कुठली मांगा कुणासाठी काढली आहे, हे मला आधी त्या बारीक अक्षरांवरून कळायला लागलं.

आणि मला सांगायचंय ते हेच. शोनेन, शोजो, सेइनेन, जोसेइ हे शब्द आपण कथाप्रकारांची नावं असल्यासारखे वापरतो. ती मुळात वाचकांची नावं आहेत. शोनेन म्हणजे मुलगे, शोजो म्हणजे मुली, सेइनेन म्हणजे तरुण पुरुष, जोसेइ म्हणजे बायका. मालिका ज्या नियतकालिकात छापून येते, त्याचा वाचक तोच तिचा गट. मग गोष्ट स्वयंपाकाची असेल, भुताची असेल, नाहीतर शोगीच्या, म्हणजे जपानी बुद्धिबळाच्या, पटाची.

आपल्या सगळ्यांना माहीत असलेला शिनचॅन घ्या. योशितो उसुई यांनी तो १९९० साली 'मांगा अ‍ॅक्शन' या साप्ताहिकात सुरू केला, आणि ते साप्ताहिक मोठ्या माणसांचं होतं. घराचं कर्ज, ऑफिसातून दमून आलेला बाप, चिडलेली आई, हे सगळं त्या आईबापांच्याच वयाच्या वाचकासाठी होतं. डोरेमॉनचं नेमकं उलटं. फुजिको एफ. फुजिओ यांनी १९६९ च्या अखेरीस तो शोगाकुकान प्रकाशनाच्या सहा बालमासिकांत एकदम सुरू केला. प्रत्येक मासिक वेगळ्या इयत्तेचं, म्हणून दर महिन्याला त्या त्या वयाला झेपेल अशी वेगळी गोष्ट ते काढायचे. आपल्याकडे हे दोघे टीव्हीवर शेजारी शेजारी येऊन बसले आणि दोन्ही "लहान मुलांचं" ठरलं.

इतिहासात फार शिरत नाही, पण ओसामू तेझुकांना वगळून पुढे जाता येत नाही. १९४७ च्या 'शिन ताकाराजिमा'पासून त्यांनी चौकटींना सिनेमासारखी हालचाल दिली. ते वैद्यकीचं शिक्षण घेतलेले होते, आणि ते शिक्षण पुढे 'ब्लॅक जॅक' या शल्यविशारदाच्या गोष्टींत उतरलं. १९७२ ते १९८३ या काळात त्यांनी 'बुद्ध' काढलं. मराठी वाचकाने तिथून सुरुवात करायला हरकत नाही. एक आधीच सांगते, तात्ता आणि चाप्रा ही पात्रं त्रिपिटकात शोधू नका, ती तेझुकांनी रचलेली आहेत. राजवाड्यातल्या सिद्धार्थाकडे येण्याआधी ते वाचकाला या खालच्या जातीतल्या पोरांबरोबर बराच वेळ फिरवतात. मला तो खंड सगळ्यात जास्त आवडतो.

तुम्ही कुठून सुरुवात केलीत? आणि नव्या माणसाच्या हातात पहिलं काय द्याल?

रानवाट

वाचनखूण साठवली. माझा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. मुलगा अकरा वर्षांचा. वर्गातले मित्र 'अटॅक ऑन टायटन'बद्दल बोलतात म्हणून त्यालाही तेच हवंय. पुस्तकावर शोनेन लिहिलंय. शोनेन म्हणजे मुलगे असतील तर द्यायला हरकत नाही ना?

कोजागिरी

रानवाट दादा, थांबा. मी नागोयात राहते, इथल्या पुस्तकांच्या दुकानात शोनेनचं कपाट बघितलं तर पहिलीतल्या पोरापासून कॉलेजातल्या मुलापर्यंत सगळे त्याच्यासमोर उभे असतात. 'अटॅक ऑन टायटन' २००९ ते २०२१ या काळात 'बेस्सात्सु शोनेन मॅगझिन' या मासिकात आली, ३४ खंड आहेत. पहिल्याच खंडात मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला राक्षस खातो. पुढे ती गोष्ट वंशद्वेष, सूड आणि कुंपणाआड कोंडलेल्या लोकांची होते. थोर आहे, पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी द्या, आणि तुम्हीही सोबत वाचा.

अकराव्या वर्षासाठी 'हिकारू नो गो'. सहावीतला मुलगा, आजोबांच्या माळ्यावर त्याला गो या खेळाचा जुना पट सापडतो आणि त्या पटात हजार वर्षांपूर्वीच्या एका गो-गुरूचा आत्मा असतो. युमी होत्ता यांची कथा, ताकेशी ओबाता यांची चित्रं. या मालिकेमुळे जपानमधली कितीतरी मुलं गो शिकायला लागली. पुढे 'डेथ नोट' काढली तीही याच ओबातांनी. हाताची ताकद बघा, एकाच माणसाने दोन इतकी वेगळी जगं काढलीत.

आता 'जंप'बद्दल लिहिते, कारण धाग्यात त्याचं नाव अजून आलं नाही. 'साप्ताहिक शोनेन जंप' शुएशा प्रकाशनाने १९६८ साली सुरू केलं. दर सोमवारी कोनबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानांत, त्याचा गठ्ठा येतो. स्वस्त, खरखरीत, रंगीत छटेचा कागद. वाचून झालं की लोक टाकून देतात. जपून ठेवायचे ते नंतर येणारे सुटे खंड, ज्यांना तान्कोबोन म्हणतात. १९९४ च्या अखेरीला एका अंकाच्या ६५ लाखांवर प्रती छापल्या होत्या. तेव्हा त्यात 'ड्रॅगन बॉल' आणि 'स्लॅम डंक' दोन्ही चालू होते.

अंकात एक पोस्टकार्ड असायचं. आवडलेल्या तीन मालिका लिहून पाठवायच्या. जी मालिका सतत तळाला राहील ती दहा-बारा आठवड्यांत बंद. 'मैत्री, कष्ट, विजय' हे त्या अंकाचं ब्रीद. शोनेन मालिकांत प्रत्येक प्रकरण ऐन क्षणी का तुटतं, एक शत्रू हरला की दुसरा मोठा का येतो, याचं बरंचसं उत्तर त्या पोस्टकार्डात आहे. आठवड्याला साधारण एकोणीस पानं काढायची आणि शाळकरी मुलांनी ती पास करायची.

घाटमाथा

'स्लॅम डंक'चं नाव निघालं म्हणून आलो. ताकेहिको इनोउए, १९९० ते १९९६, ३१ खंड. मी आयुष्यात बास्केटबॉल खेळलेलो नाही. आमच्या शाळेत कबड्डी आणि खो-खो. तरीही ही मालिका मी चार वेळा वाचली आहे.

हानामिची साकुरागी हा दांडगट मुलगा फक्त एका मुलीवर छाप पाडायला संघात शिरतो. नियम माहीत नाहीत, चेंडू धरता येत नाही. मग पुढे कितीतरी पानं तो साध्या फेकीचा सराव करतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत वीस हजार फेकी. प्रशिक्षक मोजतो, मित्र मोजतात. आणि शेवटच्या सामन्याचे शेवटचे क्षण इनोउएंनी जवळजवळ एकही शब्द न लिहिता काढले. संवादांचे फुगे नाहीत, आवाज नाही, फक्त हात, चेंडू, घाम. ते प्रकरण वाचायला दोन मिनिटं लागतात. मी दर वेळी श्वास रोखूनच वाचतो.

अजून एक. मालिकेच्या दहा कोटी प्रती विकल्या गेल्या तेव्हा, २००४ साली, इनोउए कानागावातल्या एका बंद पडलेल्या शाळेत गेले आणि तिथल्या २३ फळ्यांवर खडूने 'दहा दिवसांनंतर'ची गोष्ट काढली. लोक येऊन बघून गेले आणि मग ते फळे पुसले. वाचकांचे आभार मानायची ही तऱ्हा मला दुसरीकडे कुठे दिसली नाही.

पहिलं काय द्यावं? खेळणाऱ्या मुलाला 'स्लॅम डंक', डोळे मिटून.

शेवंती

सगळे मुलग्यांच्याच मासिकांबद्दल लिहिताय, म्हणून मी शोजोची बाजू मांडते. कळकळीने मांडते, कारण "मुलींचं म्हणजे गुलाबी गोड प्रेमकथा" हे मी फार ऐकलंय.

शोवा २४, म्हणजे १९४९ च्या सुमाराला जन्मलेल्या काही लेखिका-चित्रकार होत्या. मोतो हागिओ, केइको ताकेमिया, रियोको इकेदा. त्यांना 'चोवीस सालचा गट' म्हणतात. तोवर मुलींसाठीची मांगाही बरीचशी पुरुषच काढत. या बायकांनी चौकटीच मोडल्या. पानावर एक चेहरा मोठा, त्याच्यावर दुसरी चौकट अर्धी चढलेली, मनातले विचार फुग्याबाहेर मोकळे तरंगताहेत, कडेला फुलं. ती फुलं नुसती सजावट नसतात, त्या क्षणी त्या मुलीला काय वाटतंय ते त्यांत असतं. काय घडलं यापेक्षा ते घडताना आत काय झालं, हे दाखवायची ही रीत आहे. एकदा डोळ्यांना सवय झाली की सरळ चौकोनी पानं कोरडी वाटायला लागतात.

इकेदांची 'व्हर्सायचा गुलाब' १९७२-७३ मध्ये 'मार्गारेट' या मुलींच्या साप्ताहिकात आली. फ्रेंच राज्यक्रांती! मुलींना इतिहास कशाला, असं संपादकांना वाटत होतं. पुरुषी गणवेशात वाढलेली ऑस्कर राणीची रक्षक असते, आणि शेवटी बास्तीय तुरुंगाच्या तटाखाली लोकांच्या बाजूने उभी राहते. शाळकरी मुलींनी ती मालिका इतकी डोक्यावर घेतली की १९७४ मध्ये ताकाराझुकाच्या रंगमंचावर तिचं नाटक आलं, आणि त्याचे प्रयोग पुन्हा पुन्हा होत राहिले. तिथे सगळ्या भूमिका बायकाच करतात, म्हणजे आपल्या बालगंधर्वांच्या बरोब्बर उलट. तेझुका त्याच ताकाराझुका गावात लहानाचे मोठे झाले आणि त्यांच्या 'रिबन नो किशी'वर, म्हणजे राजपुत्राच्या वेषातल्या राजकन्येच्या गोष्टीवर, त्या रंगमंचाची छाप आहे.

आजच्या कुणाला द्यायची तर आइ याझावा या लेखिकेची 'नाना'. एकाच नावाच्या दोन मुली, टोकियोतलं एक भाड्याचं घर. २००९ मध्ये लेखिका आजारी पडल्या आणि मालिका २१ खंडांवर थांबली, ती तिथेच आहे. तरीही वाचा.

रानवाट

शेवंती ताई, पूर्ण न झालेली गोष्ट वाचायला का सांगताय?

शेवंती

कारण एकविसाव्या खंडापर्यंत त्या दोघी माझ्या ओळखीच्या झाल्या होत्या. ओळखीची माणसंही अर्ध्यातच दुरावतात.

कोजागिरी

या अर्धवटपणावर थोडं अवांतर. 'बर्सर्क'चे केंतारो मिउरा मे २०२१ मध्ये वयाच्या चोपन्नाव्या वर्षी अचानक गेले. १९८९ पासून एकच गोष्ट काढत होते, एकेका पानावर हजारो रेघा. ती गोष्ट कुठे जाणार हे त्यांनी तीस वर्षांपूर्वी एकाच मित्राला शेवटापर्यंत सांगून ठेवलं होतं. तो मित्र म्हणजे कोउजी मोरी, स्वतः मांगाकार. २०२२ पासून मिउरांचे सहायक चित्रं काढताहेत आणि मोरी, मित्राने सांगितलं होतं तेवढंच, पदरचं न घालता सांगताहेत. मालिका मोठ्यांची आहे, हिंसा भयंकर आहे, मुलांना अजिबात नको.

आणि एक विनंती. चोरून स्कॅन केलेल्या साइटवर वाचू नका. शुएशाचं 'मांगा प्लस' २०१९ पासून आहे, तिथे नव्या मालिकांची पहिली आणि ताजी प्रकरणं इंग्रजीत फुकट वाचता येतात. रात्र रात्र जागून पानं काढणाऱ्यांपर्यंत काहीतरी पोचू दे.

तळटीप

धागा वाचतोय. माझं वय सत्तरीच्या घरात. मी मांगा एकच नीट वाचली, पण तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

'हादाशी नो गेन', म्हणजे 'अनवाणी गेन'. केइजी नाकाझावा हिरोशिमाचे. ६ ऑगस्ट १९४५ ला ते सहा वर्षांचे होते, शाळेच्या फाटकाशी उभे होते. तिथल्या भिंतीच्या आडोशामुळे वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ घराखाली सापडून गेले. आईने त्याच दिवशी रस्त्यावर एका मुलीला जन्म दिला.

मोठे झाल्यावर ते टोकियोला गेले, मांगा काढू लागले, आणि बॉम्बबद्दल एक अक्षर काढायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. १९६६ मध्ये आई गेली. दहनानंतर अस्थी गोळा करायला गेले तर अस्थीच नव्हत्या, नुसती राख. किरणोत्साराने हाडंसुद्धा ठेवली नाहीत, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्या संतापातून त्यांनी लेखणी उचलली. आपल्याकडे अस्थी घेऊन नदीवर गेलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. मी ते वाचून पुस्तक मिटलं होतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं.

१९७३ मध्ये गेन सुरू झाली ती, वर कोजागिरी यांनी लिहिलं त्याच 'शोनेन जंप'मध्ये. मैत्री, कष्ट, विजय असं ब्रीद असलेल्या मुलांच्या अंकात कातडी लोंबणारी माणसं रांगेने चालत होती. पुढे ती दहा खंडांची झाली. सुरुवातीला गेनचा बाप शेतात पोरांना सांगतो की गव्हासारखे व्हा, गहू तुडवला की मुळं घट्ट धरतो आणि सरळ वाढतो. हा बाप युद्धाच्या विरोधात बोलतो म्हणून शेजारी त्याला देशद्रोही म्हणतात. नाकाझावांनी बॉम्ब टाकणाऱ्यांना सोडलं नाही आणि आपल्या राज्यकर्त्यांनाही सोडलं नाही. त्यामुळे जपानमध्येही हे पुस्तक सगळ्यांना रुचलं नाही. २०२३ मध्ये खुद्द हिरोशिमाच्या शिक्षण मंडळाने शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून ते काढलं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

हिंदीत अनुवाद झालेला आहे. मराठीत कुणी करेल का?

निळी_शाई

तळटीप काका, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला, उत्तर द्यायला आज बसले.

गेननंतर तुम्हाला फुमियो कोउनो यांची 'या जगाच्या एका कोपऱ्यात' वाचायला सांगेन. कोउनो हिरोशिमाच्या, पण १९६८ च्या, म्हणजे बॉम्बनंतर दोन दशकांनी जन्मलेल्या. गोष्ट सुझू या मुलीची. लग्न होऊन ती कुरे या नौदलाच्या बंदराच्या गावी येते. शिधा कमी होत जातो, ती बांधावरच्या रानभाज्या खुडून भात पुरवते, जुन्या किमोनोचं पॅंटसारखं काहीतरी शिवते. युद्ध डोंगरापलीकडून येत राहतं. नाकाझावा ओरडतात, कोउनो कुजबुजतात, आणि मला दोन्ही लागतात. ही मालिका २००७ ते २००९ मध्ये आली ती 'मांगा अ‍ॅक्शन'मध्ये. हो, शिनचॅन जिथे सुरू झाला तेच. काकांना, म्हणजे माझ्या घरच्या काकांना, मी आता हेच पुस्तक देणार आहे.

मराठी अनुवादाबद्दल मला खूप बोलायचंय. इंग्रजी अनुवादकांची आवाजांपाशी फार पंचाईत होते. जपानीत छाती 'दोकिदोकि' करते, ढग 'गोरोगोरो' करतात, तारे 'किराकिरा' करतात. आपल्याकडे धडधड, गडगड, लुकलुक तयार आहेत, आणि तसेच जोडीने येणारे. हे शब्द चित्रात हाताने रंगवलेले असतात, ते आपल्या लिपीत किती छान दिसतील. शिरोरेघ थरथरती काढता येईल!

पण एक शब्द मला अडवतो. कुणीच काही बोलत नाही, अशा चौकटीत जपानी मांगाकार 'शीऽऽन' असं लिहितात. शांततेचा आवाज. मराठीत काय लिहायचं?

घाटमाथा

चिडीचूप.

शेवंती

चिडीचूप पोरं होतात, मास्तर आल्यावर. रिकाम्या रस्त्यासाठी शुकशुकाट.

तळटीप

रात्रीच्या गावासाठी सामसूम. गेनमध्ये बॉम्बनंतरच्या एका पानावर काहीच आवाज लिहिलेला नाही, तिथे आपणही लिहू नये.

निळी_शाई

म्हणजे एका 'शीन'साठी तीन-चार मराठी शब्द, आणि कुठला कुठे ते चित्र बघून ठरवायचं. वहीत उतरवून घेतलं. 'योत्सुबातो!'ची पहिली दहा पानं करून बघते आणि इथेच दाखवते.

रानवाट

'हिकारू नो गो'चे दोन खंड आणले, तीन दिवसांत संपले. पट नाही म्हणून मुलाने वहीच्या चौकटींवर राजमा आणि वाटाणे मांडलेत. गोटी पटावर ठेवतानाचा जपानी आवाज 'पाचि' आहे, हे त्याने शोधून काढलं. मराठीत काय लिहायचं विचारलं तर त्याने एक वाटाणा ठेवून बघितला, मग स्टीलच्या डब्याच्या झाकणावर आजीचं जुनं बटण ठेवून बघितलं आणि म्हणाला, "टच्."

तिसरा खंड पुण्यात कुठे मिळेल?